मेंढरांचं औषध

आमच्या घरी जे कुत्रं आहे ते माझं नव्हे, वडिलांचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की माझा त्याच्यावर फार जीव होता. जीव नव्हता, आणि रागही नव्हता. ते वडिलांच्या बाजेखाली असायचं, मी दुकानात असायचो, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

वडिलांनी उभा जन्म मेंढरं राखली. बीडजवळच्या पालीच्या धरणाकडचे माळ, डोंगराच्या कडेची कुरणं, आणि पाऊस सरला की कळप घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला. चार वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा कळप विकावा लागला. घेणाऱ्यानं कुत्रंही मागितलं. मेंढरांबरोबर कुत्रं जातं, तशी रीतच आहे. वडील म्हणाले, "मेंढरं ने. ह्ये न्हाई." मग एक बाज, एक घोंगडी, एक पत्र्याची पेटी आणि छातीवर पांढरा पट्टा असलेलं ते काळं कुत्रं, असा सगळा संसार माझ्या पालीतल्या घरी आला. आम्ही बाज पुढच्या पडवीत टाकली. बायकोनं पहिल्याच दिवशी कुत्र्याला उंबऱ्याची हद्द घालून दिली आणि त्यानं ती चार वर्षं पाळली. माणसं एवढी पाळत नाहीत.

माझं रस्त्याकडेला खता-औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकांची. शेतकरी खिशात पान घालून आणतात, मी ते उलटं करून उजेडात धरतो आणि सांगतो, मावा आहे, तुडतुडे आहेत, करपा आहे. मग डोस. "पंधरा लिटरच्या पंपाला दोन झाकणं." झाकण हे आमच्या धंद्यातलं माप. बाटलीवर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही हल्ली वाचत नाही. माझं नाव आहे ते एका गोष्टीसाठी. बुरशीवर किडीचं औषध मारून आलेल्या माणसाला मी चारचौघांत झापतो. "आरं, ह्यो करपा हाय. किडीचं औषध मारून करपा मरतो का? आधी काय झालंय ते तरी बघ!" हे वाक्य मी हंगामात दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत असेन. गिऱ्हाईक मुकाट ऐकून घेतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतं.

कुत्र्याच्या अंगावर काहीतरी उठलंय हे आधी बायकोनं पाहिलं. श्रावणातली गोष्ट, सोयाबीनवर फवारणी जोरात चालू होती आणि मला जेवायलाही उसंत नव्हती.

"अहो, त्याच्या कानामागचे केस गेलेत," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात जातात."

"उन्हाळा कुठंय आता?"

मी चपला घालून दुकानात गेलो. नीट बघायला मला आठवडा लागला. तोवर कानामागं जुन्या रुपयाएवढं गोल उघडं पडलं होतं. कातडी राखाडी, वर कोंडा, आणि कडेला लालसर रेघ. तसंच एक पुढच्या पायावर, एक शेपटीच्या वर. मी वाकून हात लावायला गेलो तर वडिलांनी बाजेवरून पाय खाली सोडला, नेमका माझ्या आणि कुत्र्याच्या मधे.

"ऱ्हाऊ दे. गोचीड लागली आसंल. मी बघतो."

मी राहू दिलं. वडिलांचं कुत्रं, वडिलांनी बघावं, हे मला सोयीचंच होतं.

पण बायकोला ते सोयीचं नव्हतं. आमची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिला सहावा महिना लागला होता, सातव्यात आणायचं ठरलेलं. एका सकाळी चहा देता देता बायकोनं पडवीत उभं राहूनच निकाल दिला. "बाळंतिणीच्या घरात मला खरूज नको. लेक यायच्या आत एक तर त्याला बरं करा, न्हाईतर वडवणीला माझ्या भावाच्या शेतावर सोडून या. तिथं राखणीला कुत्रं पाहिजेच हाय त्याला."

तिचं काही चुकत नव्हतं. वडिलांनी बशी तोंडाला लावली होती, ती त्यांनी तशीच खाली ठेवली. सुनेच्या घरात काय बोलायचं आणि काय नाही हे त्यांनी चार वर्षांत शिकून घेतलं होतं. त्या दिवशी त्यांच्या ताटात अर्धी भाकर तशीच राहिली आणि ती कुत्र्याला गेली.

आता बरं करणं माझ्याकडे आलं. माझ्या दुकानाला लागून एका मुसलमान मिस्त्रीचं गॅरेज आहे. मोटारसायकली, रिक्षा, पाण्याचे पंप, त्याच्या हाताला काहीही चालतं. आमची वीस वर्षांची ओळख, त्यामुळे तो मला कधी शेठ म्हणतो आणि कधी सरळ बे म्हणतो.

"जळकं ऑइल लाव बे," तो म्हणाला. "लई कुत्री नीट झाली हायेत माझ्या ऑइलनं. डबा भरून देतो."

मी हसलो. त्याला म्हणालो, इंजिन आणि जनावर ह्यात काही फरक असतो. मी बारावी सायन्स झालेलो आहे, माझ्या दुकानात परवाना भिंतीवर टांगलेला आहे, आणि मी काय कुत्र्याला काळं ऑइल फासणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत.

कारण मी काय केलं ते ऐका. मला खरूज माहीत होती. लहानपणी कळपात खरूज शिरली की वडील काय करायचे ते मी शंभरदा पाहिलेलं होतं. बादलीभर पाण्यात गोचिडाच्या औषधाचं एक झाकण टाकायचं, चिंधीचा बोळा बुडवायचा, लोकर फाकवून कातडीपर्यंत चोळायचा आणि मेंढरू उन्हात उभं करायचं. चार दिवसांत मेंढरू खाजवायचं थांबायचं. तेच औषध माझ्या दुकानात मागच्या फळीवर होतं. मेंढराला चालतं ते कुत्र्याला का चालू नये? उलट कुत्र्याच्या अंगावर लोकर नाही, म्हणजे सोपंच. फक्त लेक यायला दिवस थोडे होते, म्हणून मी एकाच्या जागी दोन झाकणं घ्यायचं ठरवलं. गिऱ्हाईकालाही मी घाई असली की असंच सांगतो.

वडिलांना विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ऱ्हाऊ दे, मी बघतो, आणि पुन्हा पंधरा दिवस गेले असते. म्हणून मी मुद्दाम संकष्टीचा दिवस धरला. संकष्टीला ते शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांबरोबर सकाळच्या एसटीनं लिंबागणेशला जातात आणि दुपारपर्यंत येतात. ते गेले आणि मी बादली भरली.

कुत्रं शहाण्यासारखं उभं राहिलं. कळपात वाढलेलं, त्यानं हे काम मेंढरांवर होताना पाहिलेलं होतं. कदाचित आता आपली पाळी आली एवढंच त्याला वाटलं असेल. मी कानामागं चोळलं, पायांना चोळलं, पाठ पोट सगळं भिजवलं आणि त्याला अंगणात उन्हात बांधलं. हात साबणानं दोनदा धुतले. दुकानात जाताना मला बरं वाटत होतं. एक काम हातावेगळं झालं होतं.

अकराच्या सुमाराला बायकोचा फोन आला. "लवकर या. त्याच्या तोंडाला फेस आलाय आणि ते थरथर कापतंय."

मी आलो तेव्हा कुत्रं उभं राहायला बघत होतं आणि मागचे पाय त्याला उभं राहू देत नव्हते. कान फडफडत होते. लाळ धारेनं गळत होती. पुढचे दोन्ही पाय मात्र स्वच्छ आणि चकचकीत दिसत होते, आणि ते बघूनच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं सगळं चाटून घेतलं होतं. मेंढरू आपलं अंग चाटत बसत नाही. कुत्रं चाटतं. एवढी साधी गोष्ट. मेंढरांत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला औषध म्हटलं की मेंढरूच दिसलं, समोर कुत्रं बांधलेलं असताना.

मी मोबाइलवर जनावरांच्या डॉक्टरचा नंबर शोधत उभा होतो तेवढ्यात वडील फाटकातून आत आले. हातात नारळाच्या प्रसादाची पिशवी. त्यांनी आधी वास घेतला. मग कुत्र्याकडे पाहिलं.

"काय लावलं?"

मी सांगितलं.

"किती?"

"दोन झाकणं."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवी बाजेवर ठेवली, धुण्याच्या दगडावरचा साबण उचलला आणि त्या गुडघ्यांनी, जे गुडघे वाकत नाहीत म्हणून ते संडासला खुर्ची वापरतात, त्या गुडघ्यांनी ते फरशीवर खाली बसले. "पानी आन," म्हणाले. मी आणि बायको पाणी ओतत राहिलो, ते साबण चोळत राहिले. कुत्र्याचं डोकं त्यांनी काखेत धरलं होतं, जीभ कुठं लागू नये म्हणून. धुता धुता, माझ्याकडे न बघता ते एवढंच म्हणाले, "मला कावून न्हाई इचारलं?"

मी पुढची बादली भरायला वळलो. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

मिस्त्रीच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेली एक रिक्षा उभी होती. त्यानं ती कुणालाही न विचारता काढली आणि आम्हाला बीडला नेलं. वाटेत जळक्या ऑइलचा विषय त्यानं काढला नाही. हे त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, माझ्या लेकीच्याच वयाची. तिनं सुई टोचली, सलाईन लावलं, आणि मग विचारलं, "अंग कुणी धुतलं?"

"मी," वडील म्हणाले.

"आजोबा, त्यानंच वाचेल ते. नाहीतर इथं येईपर्यंत अजून भिनलं असतं." मग माझ्याकडे वळली. "आणि औषध?"

"मी."

"तुम्ही काय करता?"

"औषधांचं दुकान हाय. पिकांच्या." हे सांगताना आवाज आपोआप खाली गेला. ती नुसती बघत राहिली, तेवढं पुरे झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दुपार कलली तसं कापणं कमी झालं. चारच्या सुमाराला कुत्रं उठून बसलं आणि वडिलांच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडलं. वडिलांनी तेव्हा कुठं पहिल्यांदा पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाली, आज कातडीचं काहीच कळणार नाही, सगळं धुतलंय आणि औषधाचा अंश आहे. चार-पाच दिवसांनी आणा, तोवर अंगाला काहीही लावू नका. "काहीही" ह्या शब्दावर तिनं जोर दिला.

ते पाच दिवस घरात कुणी मला काही बोललं नाही. कुत्रं मी पडवीत पाय टाकला की उठून बाजेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचं. मी चपला काढेपर्यंत तिकडून बघत राहायचं. मला कुत्र्याचं काही वाटत नाही असं मी सुरुवातीला म्हणालो. त्या पाच दिवसांत वाटलं. लाज वाटली. दुकानात एक जण कपाशीचं पान न आणताच औषध मागायला आला, "पानं लाल पडलीत, काय मारू?" आणि मी सवयीनं फळीकडे हात केला, मग हात खाली घेतला. त्याला म्हणालो, आधी पान घेऊन ये. तो कुरकुरत गेला आणि दुसऱ्या दुकानातून काहीतरी घेऊन घरी गेला असणार.

सहाव्या दिवशी पुन्हा बीड. वडील बरोबर आले, कारण त्यांच्याशिवाय ते कुत्रं आता माझ्याबरोबर रिक्षात चढत नव्हतं. मिस्त्रीही आला, मागून डोकावत उभा राहिला. डॉक्टरनं चट्ट्याच्या कडेचे चार केस चिमट्यानं उपटले, बोथट पात्यानं थोडा कोंडा खरवडला, काचेवर घेतला आणि आत गेली. परत आली ती मान हलवत.

"खरूज नाहीच ही. किडा नाही एक पण. बुरशी आहे. आपण नायटा म्हणतो ना, तो."

मागून मिस्त्रीचा आवाज आला.

"शेठ, करपा निघाला!"

भिंत एकच असल्यामुळे माझं ते रोजचं वाक्य त्यानं वीस वर्षं ऐकलेलं होतं. तो इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. डॉक्टरला काही कळेना, आणि मी समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. बुरशीवर किडीचं औषध मारलं, आणि तेही दुप्पट. एखाद्या गिऱ्हाइकानं हे केलं असतं तर मी त्याला पुढची दहा वर्षं ऐकवलं असतं.

डॉक्टर लिहू लागली. पोटात द्यायच्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा औषधी साबणानं अंघोळ, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा आणि तोवर चाटू द्यायचं नाही. लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, "हे माणसांना होतं आणि माणसांचं ह्यांना होतं. घरात कुणाला नायटा आहे का?"

"न्हाई," मी लगेच म्हणालो. घरातलं मला सगळं माहीत असतं, असा माझा समज आहे.

वडील स्टुलावर बसले होते, कुत्र्याचा पट्टा हातात धरून. त्यांनी पट्टा दुसऱ्या हातात घेतला आणि सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं. मग बाही हळूहळू वर केली. मनगटाच्या वरपासून कोपरापर्यंत चार गोल, लालसर कडांचे, एकात एक अडकलेले. खाजवून खाजवून एकावर खपली धरली होती.

श्रावणातल्या उकाड्यात म्हातारा महिनाभर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसत होता. एकाच छपराखाली राहणाऱ्या आम्हा दोघांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"कवाधरनं हाय?" मी विचारलं.

"झाला म्हैना-दीड म्हैना."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

त्यांनी बाही पुन्हा खाली केली. "सांगून काय झालं आसतं? मला धाडायला जागा न्हाई. मंग त्येला वडवणीला धाडलं आसतं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मिस्त्री रिक्षाचा टायर दाबून बघत होता, जो अगदी नीट होता.

मग डॉक्टर समजुतीच्या सुरात सांगू लागली. कुत्र्यामुळं आजोबांना झालं की आजोबांमुळं कुत्र्याला, हे आता सांगता येणार नाही. आजोबांना माणसांच्या डॉक्टरला दाखवा. दोघांनाही बरं व्हायला सहा आठवडे तरी लागतील. अंथरूण गरम पाण्यानं धुवा. घरात बाळंतीण येणार असेल तर तोवर अंतर ठेवा, आणि आजोबा, तोवर ह्याला जवळ झोपवू नका.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "कळपात रोग शिरला की आमी काय करतो, रोगी मेंढरं येगळी काढतो. पर योकच रोग आसला तर त्येंला एका वाघुरात ठिवतो. एकाला हितं न् एकाला तितं, असं न्हाई करीत. ह्येला आन् मला रोग योकच हाय. मंग आमाला दोघांला एका जागी ठिवा की."

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळं. डॉक्टर बीडचीच असावी, तिला ते ठाऊक होतं. ती हसली. "पुस्तकात असं नाही आजोबा. पण दोघांचंही औषध एकदम चालू ठेवणार असाल, एकही दिवस न चुकवता, तर ठेवा."

घराच्या मागं माझी एक पत्र्याची खोली आहे, ठिबकच्या नळ्या आणि रिकामी पोती ठेवायची. ती मी आणि मिस्त्रीनं एका सकाळी रिकामी केली. बाज तिथं गेली, घोंगडी उकळून वाळून तिथं गेली. बायको दोन दिवस गप्प होती. तिला वाटत होतं की तिनंच सासऱ्याला घराबाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी तिनं खोलीच्या दारात ताट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, मी कुत्र्याला म्हनले होते. तुमाला न्हाई." वडील म्हणाले, "तुझं बराबरच हाय बाई. लेकीकडं बघ तू." ते मनापासून म्हणाले असावेत. एकूण त्या खोलीत त्यांना बरंच होतं. अंघोळीच्या दिवशी ते कुत्र्याला साबण लावायचे आणि फेस चढला की त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बसायचे, मी घड्याळ बघून दहा मिनिटं झाली सांगेपर्यंत. कुत्रं माझ्याकडे संशयानं बघत असायचं. मला बादलीपासून चार पावलं लांब उभं राहायची परवानगी होती.

माणसांच्या डॉक्टरनं वडिलांना सदरा काढायला लावला तेव्हा आणखी एक चट्टा निघाला, पाठीवर, बरोबर मधोमध. तळहाताएवढा. तिथं त्यांचा हात पोचत नव्हता. खाज सुटली की ते बाजेच्या सुंभाला पाठ घासायचे, त्यानं तो पसरलेला होता. सगळीकडे सकाळ-संध्याकाळ मलम लावायचं होतं. हाताचं ते लावतील. पाठीचं कोण लावणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सुनेनं सासऱ्याच्या पाठीला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही. उरलो मी.

पहिल्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी खोलीत गेलो. ते माझ्याकडे पाठ करून बाजेवर बसले. मी बोटावर मलम घेतलं आणि थांबलो. शेवटचा ह्या माणसाला कधी हात लावला होता ते मी आठवून बघत होतो. दिवाळीला पाया पडतो, पण तो पायांना लागलेला हात. त्याच्या आधी? गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा दंडाला धरलं असेल. चार वर्षं माझ्या घरात राहून त्यांच्या अंगाला रोज लागणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे बाजेखालचं कुत्रं. मी मलम लावलं. पाठ मला वाटली होती त्यापेक्षा लहान होती.

काही दिवस आम्ही दोघंही गप्प असायचो. मग ते एकदा आपणहून म्हणाले, "झोपताना हात खाली सोडला की त्येच्या डोक्यावर पडतो. मंग झोप लागती." मी म्हणालो, हां. त्यानंतर रोज काही ना काही निघायचं. गंगथडीला कुठं मुक्काम असायचा, कुठल्या गावात पाणी द्यायचे आणि कुठं हाकलायचे, आणि मेंढराचं औषध चाटून त्यांचंही एक कुत्रं मेलं होतं, माझ्या जन्माच्या आधी. "तवापासनं कुत्र्याला काय बी लावलं की मी त्येच्यापाशी बसून ऱ्हातो," ते म्हणाले. हे त्यांना ठाऊक होतं. मी फक्त विचारायचं होतं. मी त्यांना तसं म्हणालोही, चुकलं माझं, विचारायला पाहिजे होतं. त्यांनी खांदा हलवला, म्हणजे नीट मधोमध लाव.

लेक सातव्यात आली. सहा आठवडे झाले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं पुन्हा केस बघितले आणि कुत्रं मोकळं केलं. कानामागं नवे केस आले होते, आधीपेक्षा जरा भुरे. वडिलांच्या डॉक्टरनंही मलम बंद करायला सांगितलं. बायकोनं स्वतः पडवी सारवल्यासारखी धुऊन काढली, बाज पुढं आणवली, आणि कुत्र्यासाठी खाली एक जुनं पोतं टाकलं. वडवणीचा विषय पुन्हा निघाला नाही. कुत्रं मला बघून आता उठून जात नाही, पण मी हात पुढं केला की आधी वास घेतं. घेऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होतो. वडील बाजेवर सदरा काढून बसलेले होते, पाठ माझ्याकडे करून.

मी जवळ जाऊन बघितलं. पाठ साफ होती. चट्ट्याच्या जागी साधा फिकट डाग, तोही जवळून बघितला तरच दिसणारा.

"आबा, खाजतंय का अजून?"

"हां. मधी जरासं."

मलमाची नळी आम्ही टाकून दिली होती. मी आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली, तळहातावर घेतलं आणि पाठीला लावायला सुरुवात केली. तेलाचा वास त्यांना आला असणारच. त्यांनी नुसता खांदा हलवला, मी मधोमध चोळत राहिलो, आणि त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.